सर्व रोगांवर एकच गोळी: राणी व्हिक्टोरियाच्या काळातली रामबाण औषधं

एक शिलिंग दीड पेनी (बारा पेनींचा एक शिलिंग). एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात गोळ्यांची डबी घ्या, मलमाची कुपी घ्या किंवा खोकल्याची बाटली घ्या, हीच किंमत पुन्हा पुन्हा दिसते. त्यातला शिलिंग औषधाचा आणि वरचे दीड पेनी सरकारचे. तयार औषधांवर तिथे १७८३ पासून मुद्रांक लागत असे. शिलिंगभर किमतीच्या डबीला दीड पेनीचा मुद्रांक चिकटवायचा, डबी महाग असेल तर जास्त किमतीचा. वसूल झाला तो निव्वळ कर होता, पण घेणाऱ्याला ती सरकारी चिठ्ठी ग्वाहीसारखी वाटायची. सरकारचं नाव आहे म्हणजे कुणीतरी तपासलं असणार, असा साधा हिशेब. विक्रेते हा समज आनंदाने जोपासत होते. औषध तपासलेलं मात्र कुणीच नव्हतं.

या औषधांना पेटंट औषधं म्हणत, पण त्यांतल्या बहुतेकांकडे पेटंट नव्हतंच. पेटंट मिळवायचं तर कृती लिहून द्यावी लागते, आणि मुदत संपली की ती सगळ्यांना खुली होते. गोळीवाल्यांना नेमकं हेच नको होतं. म्हणून कृती गुप्त ठेवायची आणि नावावर, वेष्टनावर, सहीवर हक्क सांगायचा, असा त्यांचा धंदा. बाटलीत काय आहे ते बाटलीवर लिहिण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. पुढचं बरंचसं रामायण या एका मोकळिकीतून घडलं.

आज हे वाचताना वाटतं, लोक इतके भोळे कसे होते? मला हा प्रश्नच अन्यायाचा वाटतो. १८५० च्या सुमाराला इंग्लंडातला शेतमजूर आठवड्याला साधारण १० शिलिंग कमवत होता. बड्या डॉक्टरच्या एका भेटीची फी एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. दोन आठवड्यांची मजुरी! आणि तेवढे पैसे मोजून मिळायचं काय? जळवा लावून रक्त काढणं, पाऱ्यापासून केलेलं कॅलोमेल आणि जोरदार जुलाबाची औषधं. कॉलरा पाण्यातून पसरतो हे डॉ. जॉन स्नोने १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागातल्या एका पंपाचा माग काढून दाखवलं, तरी पुष्कळ डॉक्टर त्यानंतरही दूषित हवेलाच दोष देत राहिले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखला सापडला १८८२ मध्ये, आणि त्याला मारणारं औषध हाती यायला आणखी साठेक वर्षं लागली. अशा काळात डॉक्टरऐवजी शिलिंगाची डबी उचलणारी आई अविचारी म्हणता येत नाही. तिच्यापुढे दुसरं काही फारसं नव्हतं.

शिवाय, आणि मला हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो, या औषधांनी खरोखर काहीतरी व्हायचं. ती रंगीत पाणी असती तर लवकर विसरली गेली असती. अंगात काहीतरी घडलं हे कळायचं, आणि जे घडलं त्यालाच लोक बरं होणं समजायचे.

गोळ्यांचंच बघा. थॉमस बीचम हा लहानपणी मेंढ्या राखणारा मुलगा. १८४० च्या दशकात तो लँकेशर या कापडगिरण्यांच्या परगण्यातल्या बाजारांत फिरून गोळ्या विकायला लागला आणि पुढे सेंट हेलेन्सला त्याचा मोठा कारखाना उभा राहिला. 'एका डबीचं मोल एक गिनी' हे त्याचं घोषवाक्य. जाहिरातीतली दुखण्यांची यादी लांबलचक: पित्त, पोटातला वारा, डोकेदुखी, चक्कर, झोप न लागणं, भयंकर स्वप्नं, थरथर. पहिल्या मात्रेने २० मिनिटांत आराम पडेल असंही आश्वासन होतं. पुढे रासायनिक तपासणी झाली तेव्हा गोळीत निघालं काळा बोळ, सुंठ आणि साबण. काळा बोळ म्हणजे कोरफडीच्या जातीच्या झाडाचा वाळवलेला कडू रस. तो मोठ्या आतड्याला चाळवतो आणि आठ ते बारा तासांनी जुलाब होतो. रात्री गोळी घ्या, सकाळी पोट मोकळं. वीस मिनिटांत त्याने काही होणं शक्यच नव्हतं, पण सकाळी जे होई ते इतकं ठळक असे की गोळी लागू पडली याबद्दल घरात कुणाला शंका उरत नसे.

यामागे एक जुनी समजूतही होती, आणि ती आपल्याला परकी नाही: पोट साफ तर सगळं साफ. जेम्स मॉरिसन नावाच्या माणसाने तिला सिद्धांताचं रूप दिलं. सगळे रोग एकाच कारणाने होतात, रक्त अशुद्ध झाल्याने, आणि सगळ्यांवर उपायही एकच, आपल्या वनस्पतीजन्य गोळ्या, असं तो १८२५ पासून सांगत होता. त्या गोळ्यांत काळ्या बोळाबरोबर रेवाचिनीचा शिरा (एका झाडाचा वाळवलेला पिवळा चीक) आणि कडू इंद्रावण अशी आणखी जहाल रेचकं होती. एका औषधाने सगळे रोग बरे होतात हा दावा ऐकायला भाबडा वाटतो, पण 'सगळे रोग मुळात एकच आहेत' हे आधी मान्य केलं की तो अगदी तर्कशुद्ध होतो. या विचाराचा सापळा असा की त्रास वाढला तर घाण बाहेर पडतेय असं म्हणायचं आणि मात्रा वाढवायची. मग माणसाने थांबायचं कुठे? १८३६ मध्ये, व्हिक्टोरिया गादीवर येण्याच्या वर्षभर आधी, मॅकेन्झी नावाचे कॅप्टन गुडघ्याच्या दुखण्यावर या गोळ्या वाढवत वाढवत घेत गेले आणि मरण पावले. गोळ्या देणारा विक्रेता रॉबर्ट सामन सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरला. शिक्षा झाली २०० पौंड दंडाची. गोळ्यांची विक्री पुढेही चालू राहिली.

बरं होण्याचा आभास आणखी एका वाटेने यायचा. सर्दी, ताप, अंगदुखी, अपचन यांतली बहुतेक दुखणी आठवडाभरात आपोआप ओसरतात. माणूस औषध घेतो ते दुखणं अगदी टोकाला गेल्यावर, म्हणजे ते उतरणीला लागायच्या बेतात असताना. उतार पडला की श्रेय गोळीला. ज्यांना उतार पडला ते कृतज्ञतेने कंपनीला पत्र लिहीत, ती पत्रं जाहिरातीत छापली जात. मेलेली माणसं पत्र लिहीत नाहीत. त्यामुळे छापलेली सगळी पत्रं खरी धरली, तरी त्यांच्यावरून औषधाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आणि सगळी खरी नव्हतीच.

जाहिरातीची ताकद पुरेपूर ओळखली थॉमस होलोवेने. १८३७ मध्ये त्याने मलम आणि मग गोळ्या विकायला सुरुवात केली. मलमात चरबी, मेण, टर्पेंटाइन अशा गोष्टी, गोळ्यांत पुन्हा काळा बोळ. सुरुवातीला वृत्तपत्रांचं देणं थकलं म्हणून तो कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगातही जाऊन आला. बाहेर आल्यावर जाहिरात कमी करायची सोडून त्याने ती वाढवली. १८४२ मध्ये वर्षाला ५,००० पौंड, १८८३ मध्ये तो वारला तेव्हा वर्षाला सुमारे ५०,००० पौंड. औषध वापरण्याच्या सूचना आपण चिनी, तुर्की, अरबी आणि हिंदुस्थानातल्या बहुतेक देशी भाषांत छापल्या आहेत, असं तो अभिमानाने सांगे. या पैशातून त्याने लंडनजवळ एक मनोरुग्णालय आणि स्त्रियांसाठी एक भव्य महाविद्यालय बांधलं. १८८६ मध्ये खुद्द राणीने त्या महाविद्यालयाचं उद्घाटन केलं. आज ते लंडन विद्यापीठाचा भाग आहे. स्त्रियांना पदवीचं शिक्षण मिळावं म्हणून खर्च झालेल्या त्या पैशाचं मोल कमी करायचं माझ्या मनात नाही. पण तो पैसा कुणाच्या खिशातून पेनी पेनी करून आला होता, हेही तिथल्या विटांच्या हिशेबात धरायला हवं.

रेचकांच्या गोळ्यांनी बहुतेकांचं फार तर पोट बिघडायचं. अफूची गोष्ट वेगळी. इथे लिहिताना हात जड होतो, कारण ती मुख्यतः तान्ह्या बाळांची गोष्ट आहे.

'गॉडफ्रीज कॉर्डिअल' हे काकवीत मिसळलेल्या अफूचं पातळ औषध. पोटदुखी, दात येणं, रडणं, झोप न लागणं, सगळ्यावर चालायचं. गिरणीत जाणारी आई बाळाला शेजारच्या म्हातारीकडे सोपवायची, म्हातारीकडे अशी पाच-सात बाळं, आणि चमचाभर औषधाने सगळी शांत. अफूने वेदना कमी होतात, झोप येते, आतडं मंदावतं. पण त्याबरोबर भूकही मरते आणि श्वासही मंदावतो. मात्रा जास्त झाली तर बाळ झोपेतच जायचं. रोज थोडी थोडी दिली तर दूध मागायचंच नाही, सुरकुतून बारीक होत जायचं, आणि मृत्यूच्या नोंदीत अशक्तपणा किंवा कुपोषण असं काहीतरी लिहिलं जायचं. अफूचं नाव यायचंच नाही. त्यात भर म्हणजे प्रत्येक दुकानदाराची कृती वेगळी, एकाचं सौम्य, दुसऱ्याचं जहाल. बाटली न हलवता ठेवली तर अफू तळाशी बसे, आणि तळातला चमचा वरच्या चमच्याहून कितीतरी कडक होई. अमेरिकेत १८४९ मध्ये निघालेल्या आणि इंग्लंडातही खपलेल्या 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप'मध्ये तर सरळ मॉर्फिनच होतं. डबीवर चित्र मात्र प्रेमळ आईचं.

आपल्याकडेही हे घडलं आहे. मुंबईतल्या गिरणी कामगार बायका तान्ह्यांना अफूची 'बाळागोळी' देत, हे १९२० च्या दशकात तिथल्या बाळंतपणांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर बाईंनी नोंदवलं होतं. गिरणी लँकेशरची असो की परळची, बारा तासांची पाळी आणि घरी तान्हं मूल हा पेच एकच होता. आयांना दोष देऊन हा भाग मिटवणाऱ्या लिखाणाची मला चीड येते.

दात येतानाच्या अनेक पुड्यांत पाराही होता, कॅलोमेलच्या रूपात. त्यामुळे काही मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सोलायचे, ती सतत कण्हत राहायची, काही दगावायची. या रोगाचा पाऱ्याशी असलेला संबंध विसाव्या शतकाच्या मध्यावर लक्षात आला आणि १९५० च्या दशकात पुड्यांतला पारा गेल्यावर रोगही गेला.

मोठ्यांच्या अफूचं सगळ्यांत प्रसिद्ध नाव क्लोरोडाइन. जॉन कॉलिस ब्राऊन हा हिंदुस्थानात नोकरी केलेला लष्करी डॉक्टर. १८४८ च्या सुमाराला कॉलऱ्यावर इलाज म्हणून त्याने हे मिश्रण बनवलं: अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. १८५६ पासून ते बाजारात आलं आणि हिंदुस्थानात येणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या पेटीत त्याची बाटली ठरलेली असे. जुलाबावर ते खरंच लागू पडायचं. अफू आतड्याची हालचाल थांबवते, तेव्हा शौचाला जाणं थांबतं. साध्या हगवणीत तेवढ्याने आराम वाटे. कॉलऱ्यात मात्र माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने. अफूने जुलाब दिसायचे थांबले तरी पाणी आतड्यात झिरपतच राहतं, रक्तात परत येत नाही. खरा उपाय होता मीठपाणी भरून काढणं. डॉ. थॉमस लॅटाने स्कॉटलंडमध्ये १८३२ मध्येच शिरेतून मीठपाणी देऊन काही रोगी मरणाच्या दारातून परत आणले होते. ते मागे पडलं आणि क्लोरोडाइन पुढे गेलं. लक्षण थांबलं म्हणजे रोग थांबला, ही चूक इतकी नैसर्गिक आहे की डॉक्टरही तिच्यातून सुटले नाहीत.

कायदा काय करत होता? १८६८ च्या फार्मसी कायद्याने अफूची विक्री नोंदणीकृत औषधविक्रेत्यांपुरती केली आणि बाटलीवर 'विष' लिहिणं आवश्यक केलं. पण पेटंट औषधांना त्यातून सूट दिली! क्लोरोडाइनवाले अनेक वर्षं या सुटीत बसले. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यायालयाने म्हटलं की सूट आहे ती ज्यांच्याकडे खरंखुरं पेटंट आहे त्यांनाच. तेव्हा कुठे त्या बाटलीवर 'विष' हा शब्द आला.

त्याच सुमाराला एक खटला झाला, आणि पुण्या-मुंबईत कायदा शिकणारी मुलं तो आजही पहिल्याच वर्षी वाचतात. १८८९-९० पासून युरोपभर इन्फ्लुएंझाच्या लाटा येत होत्या. लंडनच्या कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीने नोव्हेंबर १८९१ मध्ये जाहिरात दिली: आमचा बॉल दिवसातून तीनदा याप्रमाणे दोन आठवडे वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल त्याला १०० पौंड देऊ. वर असंही, की आमचा हेतू प्रामाणिक आहे हे दाखवायला बँकेत १,००० पौंड ठेवले आहेत. वस्तू काय, तर रबराचा चेंडू, त्याला नळी, आत कार्बोलिक आम्ल या जंतुनाशकाची पूड. नळी नाकाशी धरायची आणि चेंडू दाबायचा. नाक झोंबतं, शिंका येतात, पाणी वाहतं. इथेही तेच: काहीतरी होतं. किंमत १० शिलिंग.

लुइझा कार्लिल यांनी तो घेतला आणि २० नोव्हेंबरपासून नेमाने, दिवसातून तीनदा, वापरला. १७ जानेवारी १८९२ ला त्यांना इन्फ्लुएंझा झाला. तीनच दिवस आधी राणीचा नातू प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर याच साथीत गेला होता. कार्लिलबाईंनी १०० पौंड मागितले, कंपनीने नाकारले. कंपनीचं म्हणणं, जाहिरातीतलं बोलणं कुणी खरं धरतं का? शिवाय या बाईंशी आमचा करार झालाच कुठे? खालच्या न्यायालयात कंपनीचे वकील होते ॲस्क्विथ, जे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. अपील न्यायालयाने डिसेंबर १८९२ मध्ये कार्लिलबाईंच्या बाजूने निकाल दिला. बँकेत पैसे ठेवल्याचं सांगितलंत म्हणजे वचन गंभीर होतं. ते साऱ्या जगाला दिलं होतं, आणि अट पाळून जो बॉल वापरेल त्याने ते स्वीकारलं असं धरायचं.

हा निकाल फार चांगला आहे, तरी त्याची मर्यादा नीट पाहावी. बॉलने इन्फ्लुएंझा टळतो की नाही, हे न्यायालयाने ठरवलंच नाही. वचन दिलंत तर पैसे द्या, एवढंच म्हटलं. वचनच न देता नुसता 'सर्व रोगांवर गुणकारी' असा दावा करणाऱ्याला या निकालाने काहीच झालं नाही. कंपनीच्या मालकाने पुढच्या वर्षी नवी जाहिरात काढली, बक्षीस २०० पौंड, अटी मात्र आता बारीक विचार करून घातलेल्या.

डब्या प्रत्यक्ष उघडून पाहिल्या ब्रिटिश मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने. राणी जाऊन आठ वर्षं झाल्यावर, १९०९ मध्ये, या संघटनेने गुप्त औषधांचं पृथक्करण करून एक पुस्तक काढलं. प्रत्येक औषधाचा दावा काय, आत काय, मालाची किंमत काय. बीचमच्या ५६ गोळ्यांची डबी १३.५ पेन्सना, आणि आतला माल अर्ध्या फार्दिंगचा, म्हणजे पेनीचा आठवा भाग. किंमत मालाच्या १०८ पट. नुसता सरकारी मुद्रांकच मालाच्या बारापट होता. या पुस्तकाची जाहिरात छापायला अनेक वृत्तपत्रांनी नकार दिला. त्यांच्या पानांचा मोठा भाग या औषधांच्या पैशावर चालत होता, आणि मुद्रांकातून सरकारच्या तिजोरीत वर्षाला लाखो पौंड जात होते. लोकांना सावध करणं ज्यांचं काम, त्यांचाच यात वाटा होता.

पुस्तकानंतर संसदेची समिती बसली. तिचा निष्कर्ष थोडक्यात असा: कायद्याच्या यादीतलं विष नसेल तर कुणीही, कसलंही मिश्रण, कुठल्याही रोगावरचं औषध म्हणून, काल्पनिक डॉक्टरांच्या खोट्या सह्या लावून, लोक देतील त्या किमतीला विकू शकतो, आणि ब्रिटिश कायदा त्याला थांबवू शकत नाही. हा अहवाल प्रसिद्ध झाला ४ ऑगस्ट १९१४ ला. त्याच दिवशी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि अहवाल कपाटात गेला. गुप्त औषधांवर घटक छापण्याची सक्ती आली ती थेट १९४१ च्या कायद्याने. रोग बरा करण्याच्या जाहिरातींबद्दल आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, अपस्मार, अगदी उंची वाढवण्यापर्यंत ५४ गोष्टींची यादी त्यात आहे, आणि त्या बऱ्या करण्याची जाहिरात करणं हा गुन्हा आहे.

सगळंच खोटं होतं असं नाही. 'डॉ. विल्यम्स पिंक पिल्स'मध्ये लोहाचा क्षार होता, आणि रक्त कमी असलेल्या मुलींना त्याने खरोखर फायदा झाला असणार. त्याच गोळीने लकवा बरा होतो हे मात्र थोतांड. न्यूकॅसलच्या जेम्स क्रॉसली ईनोचं फेसाळणारं फ्रूट सॉल्ट आजही आपल्या घरांत आहे, पोटातलं आम्ल कमी करण्यापुरतं ते काम करतं, आणि आज त्याचा दावाही तेवढाच आहे. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने १८५१ मध्ये काढलेलं ग्राइप वॉटरही आपल्याला घरचंच. त्यात शेपूचं तेल होतं, म्हणजे आपल्या बाळंतशेपांचंच, शिवाय खाण्याचा सोडा, साखर आणि साडेतीन टक्क्यांच्या वर अल्कोहोल. ब्रिटनमध्ये हे अल्कोहोल काढून टाकलं गेलं ते १९९० च्या दशकात. तोपर्यंत बाळ नेमकं कशाने शांत होतं, शेपूने, साखरेने की दारूने, हे आईला कळायला मार्ग नव्हता. आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय दुसरं काहीच देऊ नका म्हणतात, अगदी पाणीसुद्धा.